निळ्या कागदाची पुडी

तार आली तेव्हा मी जेवत होते. शाळेची मधली सुट्टी होती, घर शाळेला लागूनच, म्हणून रोज दुपारी घरी येऊन दोन घास खाऊन परत जाते. यांनी दारातच तार घेतली, वाचली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. "वाशीमची?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. मला जे कळायचं ते कळलं. ताटात अर्धी भाकरी होती, वाटीत थोडं वरण होतं. मी ती भाकरी खाल्ली, वरण संपवलं, हात धुतले, ताट घासून पालथं घातलं आणि मग पदराला हात पुसून तार हातात घेतली. शेजारच्या गोदाकाकू तोवर दारात येऊन उभ्या होत्या. बाप गेल्याची खबर ऐकून मुलगी जेवत बसली, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत अकोल्यातल्या आमच्या गल्लीनंही जवळजवळ स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिलं! त्यांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? बाबांनीच तसं शिकवलं होतं म्हणून जेवले, की अर्ध्या ताटावरून उठण्याचंही त्राण उरलं नव्हतं म्हणून जेवले, हे मला आजही धड सांगता येणार नाही.

दुपारची गाडी गेलेली होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वाशीमला पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. चुलतभावानं अग्नी दिला होता. बाबांची दोन खोल्यांची जागा सारवून ठेवली होती, खुंटीवर त्यांची काळी टोपी होती, आणि फळीवर ती पत्र्याची पेटी. त्या पेटीकडे मी पाहिलं आणि पाठ फिरवून बसले. दहा दिवस मी तिला हात लावला नाही. माणसं येत होती, चटईवर टेकत होती, जात होती. मी चहा ठेवत होते, बोलत होते, रडायला लावणाऱ्या बायकांबरोबर रडतही होते. पण सगळं करताना वाटे, आता कुणी येऊ नये, भिंतीला टेकून नुसतं बसू द्यावं.

दहाव्या दिवशी नथ्थूजी आले. हे जिनातले जुने मापारी. सरकी काढून रुईच्या गठाणी बांधण्याच्या कारखान्याला आमच्याकडे जिनच म्हणतात. तिथं नथ्थूजींनी उभा जन्म काट्यापाशी काढला. आता ऐंशीला टेकलेत. काठी बाजूला ठेवून ते म्हणाले, "मानूस देव होता बाई तुहा बाप. पन ते पुड्यायचं तेवढं व्हाले नोतं पाहिजे." बाजूला बसलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मी हातातली कपबशी खाली ठेवली. सत्तावीस वर्षं झाली, जिनाचे मालक शेटजी गेले, साहेब गेला, माझी माय गेली, आणि आता बाबाही गेले... पण ते 'तेवढं' वाशीमात अजून शिल्लक होतं. हा लेख मी त्या 'तेवढ्या'साठी लिहिते आहे. बाबांसारख्या माणसावर एरवी कुणी लेख लिहिला नसता, मीही नाही.

बाबा त्या जिनात रुईपारखी होते. हंगाम सुरू झाला की रिठदकडच्या, मेडशीकडच्या गाड्या पहाटेपासून आवारात लागत, आणि बाबा एकेका गाडीपाशी जाऊन मूठभर कापूस उचलत. सरकीपासून रुई सोडवायची, दोन्ही अंगठ्यांच्या नि बोटांच्या चिमटीत धरून हळूच ओढायची, ओढलेले तंतू एकावर एक जुळवायचे आणि डोक्यावरची काळी टोपी काढून तिच्यावर ते ठेवून बघायचे. काळ्यावर पांढरं लख्ख दिसतं. धागा किती लांब, किती मऊ, ओल आहे का, कवडी म्हणजे पिवळा पडलेला कापूस किती मिसळलाय, हे ते दोन मिनिटांत सांगत, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. एक गाडी झाली की दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून झटकायचे, उरलेला एकही तंतू राहू द्यायचा नाही, मगच पुढच्या गाडीला हात. मी लहानपणी विचारलं होतं, इतके काय झटकता? तर म्हणाले, "मांगची रुई हातात राह्यली तं पुढची कशी समजन?" त्यांना सगळे पारखीच म्हणत. त्यांचं खरं नाव काय ते शेजाऱ्यांनाही आठवावं लागे.

मोठ्या लढाईच्या काळात आमच्याकडच्या रुईला परदेशातून मागणी आली आणि वाशीमला एक जपानी साहेब यायला लागला. जिनामागच्या छोट्या बंगल्यात तो हिवाळ्याचे तीन-चार महिने राही. बुटका, गोल चष्म्याचा, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा पिई, आणि हाताशी नोकर असताना स्वतःचा व्हरांडा स्वतः झाडी, म्हणून गावात त्याची थट्टा होई. नमुने घेऊन बाबांना सकाळीच त्याच्याकडे जावं लागे. तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलेला असायचा. पहिले चार-पाच दिवस बाबा दाराशी ताटकळत उभे राहिले. मग एक दिवस साहेबानं मागं न बघताच शेजारच्या जमिनीवर दोनदा हात थोपटला आणि बाबा बसले. उठल्यावर त्यांनी विचारलं, साहेब, भिंतीत काय बघायचं असतं? साहेब म्हणाला, "कुछ नहीं. बैठना." त्याचा बाप म्हणे डोंगरातल्या कुठल्याशा देवळात पुजारी होता आणि तिथं हे असंच शिकवत.

झालं! बाबांनी ते घरी आणलं. सकाळी आंघोळ झाली की आमच्या स्वयंपाकाच्या खोलीतल्या सारवलेल्या भिंतीसमोर ते बसायला लागले. माय चुलीपाशी भाकरी थापता थापता बघायची आणि तिला राहवत नसे.

"काय दिसून राह्यलं वो तुमाले त्या भितीत?"

"भित."

"अन् याले काय म्हन्तेत तुमच्या साहेबाच्या देशात?"

"झेन म्हन्तेत."

"आमच्या इकडं आळस म्हन्तेत," माय म्हणायची आणि भाकरी तव्यावर टाकायची. बाबा हसायचे. पण उठत मात्र नसत, बसण्याचा वेळ पुरा करूनच उठत.

साहेब आपल्या गावी परत जाई, पण त्याची शाळा आमच्या घरी बारा महिने भरू लागली, आणि विद्यार्थी मी एकटी. मी सात वर्षांची असेन. जेवताना मी बडबडायची, गल्लीत कुणाच्या म्हशीनं कुणाची तुरीची पेंढी खाल्ली ते हातवारे करून सांगायची. बाबा म्हणत, "इंदे, जेवतानी जेव." मी म्हणे, जेवतेच आहे की. ते म्हणत, "नाही. तू म्हैस राखून राह्यली." एकदा त्यांनी मला काठोकाठ भरलेला पाण्याचा लोटा दिला आणि अंगणाला एक फेरी मारून ये, थेंब सांडू नको म्हणाले. मी जीव मुठीत धरून फेरी मारली. थेंब सांडला नाही. आता शाबासकी मिळणार म्हणून उभी राहिले, तर त्यांनी विचारलं, लिंबाखाली काय पडलं होतं? मी काहीच पाहिलं नव्हतं. नजर लोट्यावरून हलली असती तर ना! मला रडू फुटायला आलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. पानी नेतानी पानीच न्याचं." लिंबाखाली त्यांनी माझ्यासाठी गुळाचा खडा कागदात बांधून ठेवला होता. तो नंतर मला मिळाला, पण मुंग्या अगोदर पोचल्या होत्या.

त्यांनी मला रुई ओढायलाही शिकवलं. मी खसकन ओढायची आणि तंतू तुटायचे. ते माझी बोटं आपल्या बोटांत धरून म्हणत, "ओढू नोको माय. येऊ दे." मुलीला 'माय' म्हणायची आमच्याकडे रीतच आहे, पण त्या शब्दानं मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. पुढं शाळेत इतक्या वर्षांत मी शेकडो मुलींना हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलं, तेव्हा तोंडून हेच निघतं, ओढू नकोस, येऊ दे. मुलींना वाटतं, बाईंची ही बोलायची लकब आहे.

लढाई संपता संपता तापाची ती भयंकर साथ आली. आमच्या गल्लीत एका घराआड एक माणूस गेलं. मलाही ताप आला, आठ दिवस मी शुद्धीवर नव्हते म्हणतात. तेव्हा मायनं नवस बोलला, पोर उठू दे, मी लक्षवात लावीन. एक लाख वाती स्वतःच्या हातानं वळायच्या आणि माघी पुनवेला देवापुढं लावायच्या. मी उठले. आणि मी उठल्याच्या दिवसापासून माय वाती वळायला बसली. स्वयंपाक झाला की वाती, दळण झालं की वाती. वातीची रुई स्वच्छ लागते, पानाचा चुरा नको, पिवळी कवडी नको. जमवलेली चांगली रुई पौष सरता सरता संपली आणि वाती तर हजारोंनी बाकी होत्या. बाबा साहेबाबरोबर बैलाच्या दमणीतून खेड्यांवर गेलेले. बाजारातून आणलेली रुई कचऱ्याची निघाली. माय ती निवडत बसली, तिची बोटं सुजली होती, आणि एका दुपारी शेजारणीला ती रडत रडत म्हणाली, "पुनवेपर्यंत पुरं नाही झालं न, तं मह्या पोरीले पुन्हा धरन वो तो ताप."

मी दाराआड होते. मी आठ वर्षांची होते आणि मी मरणार होते.

बाबांची पेटी फळीवर असायची. हिरव्या रंगाची, पत्र्याची. साहेब माल घेई तेव्हा प्रत्येक मालाचा नमुना काढून त्याचे दोन भाग होत. एक गठाणींबरोबर मुंबईला जाई, दुसरा निळ्या कागदाच्या पुडीत बांधून बाबांच्या पेटीत राही. पुढं मुंबईत काही वाद निघाला तर बाबांच्या पेटीतला नमुना खरा, असा शिरस्ता होता. पेटीला कुलूप नव्हतं. पारख्याच्या पेटीले कुलूप कायले, असं शेटजी चारचौघांत म्हणत. त्या बारा पुड्यांत अख्ख्या तालुक्यातली सगळ्यात पांढरी, सगळ्यात निर्मळ रुई होती.

माय नदीवर गेली की मी स्टूल ओढून पेटी काढायची. दोन दिवसांत मी बाराही पुड्या रिकाम्या केल्या आणि ती रुई मायच्या टोपलीत नेऊन टाकली. कुठून आणली विचारलं तर म्हटलं, जिनातल्या बायांनी दिली. त्या बाया मला ओळखत, मूठमूठ रुई देतही असत, मायला ते पटलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी आता खरंच मरत नाही. पण रिकाम्या पुड्या चपट्या दिसायला लागल्या. म्हणून मी माझी उशी उसवली. तिच्यातली जुनी रुई बारा पुड्यांत भरली, दोरा होता तसाच बांधला आणि उशीत चिंध्या कोंबून ती शिवून टाकली. माघी पुनवेला लक्षवात लागली. देवळात इतका उजेड झाला होता की माय माझा हात धरून रडत होती, आणि मीही. तिचं व्रत पुरं झालं आणि मी जगले.

महिन्याभरात मुंबईहून निरोप आला की गठाणींतला माल आणि बरोबरचा नमुना जुळत नाही. भाव पाडायला असे वाद मधूनमधून निघतच, आणि ते पेटीतल्या नमुन्यावर मिटत. पेटी मागवली गेली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि अशा दिवशी बाबा मला जिनात घेऊन जात. शेटजींच्या बैठकीत शेटजी, मुनीम, नथ्थूजी मापारी आणि आणखी पाच-सहा माणसं होती. साहेब खुर्चीवर. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. बाबांनी पहिली पुडी सोडली. त्यांनी रुईकडे पाहिलं. चिमटीत धरली, ओढली, तंतू तुटले. टोपी काढायचीसुद्धा गरज नव्हती. दुसरी पुडी सोडली, तिसरी सोडली.

"पारखी, हे काय हाये?" शेटजी म्हणाले. "हा तं गादीतला कापूस दिसून राह्यला."

बाबांनी एक चिमूट उचलून नाकाशी नेली. माझ्या डोक्याला माय रोज तिळाचं तेल चोपडायची. त्या उशीवर मी तीन वर्षं झोपले होते... त्यांनी वास घेतला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्यांनी ती चिमूट पुडीत परत ठेवली, तळवे एकमेकांवर चोळून झटकले आणि म्हणाले, "रुई माह्या घरची आहे, शेटजी. चूक माही आहे."

"कोनाकडून काय घेतलं?" कुणीतरी मागून विचारलं.

बाबांनी सोडलेली पुडी पुन्हा बांधायला घेतली. साहेबानं चष्मा काढून पुसला. शेटजींनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. त्यांचा आवाज चढत गेला आणि शेवटी बसला. बाबांवर त्यांचा जीव होता. पण गठाणी पडत्या भावानं गेल्या, जिनाचं नाव गेलं, आणि वाशीमात सगळ्यांना कळलं की पारख्यानं नमुने फिरवले. कुणासाठी फिरवले, काय घेऊन फिरवले, ते ज्यानं त्यानं आपापल्या मनानं ठरवलं.

परतताना बाबा मला पद्मतीर्थ तळ्याच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. फडक्यात बांधलेली भाकरी सोडली, हात धू म्हणाले, अर्धी माझ्यापुढं ठेवली. मी घास हातातच धरून बसले. "जेव," ते म्हणाले. "जेवतानी जेव." आणि स्वतः ते जेवले, एकेक घास, रोजच्यासारखे. मला त्यांचा त्या वेळी इतका राग आला! मारलं असतं, ओरडले असते तर मी मोकळी तरी झाले असते. फडकं झटकून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"वातीले नेली?"

मी मान हलवली.

"नेली ते नेली. झाकली काहून?"

मी पायरीवर सांडलेला भाकरीचा चुरा गोळा करायला लागले.

"रिकामी पुडी रिकामीच ठेवाची न माय. मी सोडली असती, रिकामी दिसली असती, तं मी म्हनलं असतं, रुई गेली. गेली तं गेली. तू दुसरी भरली म्हून ते लबाडी झाली."

मी हुंदके देत म्हटलं की मी शेटजींना जाऊन सांगते, आत्ता सांगते. ते पाण्याकडे बघत होते. "तुही माय जीव टाकून वाती वळत होती," ते म्हणाले. "तिले समजलं का ते चोरीच्या रुईच्या होत्या, तं ते काय करन?" मग म्हणाले, "मी सांगनार नाही. पन तू सांगू नोको असंबी मी म्हननार नाही. तुले जवा सांगाचं तवा सांग." घरी आल्यावर त्यांनी माझी उशी उचलली, आत चिंध्या कुसकुसल्या, आणि त्यांनी ती होती तिथं ठेवून दिली.

शेटजींनी त्यांना काढून टाकलं नाही, पण पारख मात्र काढून घेतली. जिनात बायका ओळीनं बसून कापसातली कवडी वेचत, त्यांच्यात बाबा बसायला लागले. काल ज्यांच्या शब्दावर गाड्या अडत, ते आज बायकांच्या रांगेत पिवळा कापूस वेचत होते. बायका चेष्टा करत, तेही हसत. गाडीवाले मात्र तोंड फिरवत. त्यांच्या मागं लोक त्यांना पारखीच म्हणत राहिले, आता वेगळ्या आवाजात. साहेब तो हंगाम संपवून गेला तो परत आला नाही. जाताना उरलेल्या निळ्या कागदांचा गठ्ठा त्यानं बाबांच्या हातात दिला आणि कमरेत वाकून नमस्कार केला, असं नथ्थूजींनी सांगितलं होतं. त्याला काय कळलं होतं नि काय नाही, देव जाणे.

माय त्यानंतर दहा-अकरा वर्षं जगली. तिनं बाबांना एकदाच विचारलं असावं, आणि त्यांनी तिलाही तेच सांगितलं असावं, चूक माही आहे. पाणवठ्यावर बायकांच्या कुजबुजीतून ती घागर घेऊन खालमानेनं येई. नवऱ्यानं लबाडी केली असं मानूनच ती गेली. आणि ती लबाडी तिच्याच नवसाच्या उजेडासाठी माझ्या हातून झाली होती हे तिला सांगायला मी धजले नाही. आधी भीती होती, मग तिचं व्रत मोडेल हे निमित्त होतं. ती गेल्यावर निमित्तही उरलं नाही. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. मी बाबांना म्हटलं, आता मी सगळ्यांना सांगते. ते तांदूळ निवडत होते. "सांग," एवढंच म्हणाले आणि खडा बाजूला टाकला. मी वाट पाहत उभी राहिले. त्यांनी नको म्हणावं, माझ्या सासरचा विचार कर म्हणावं, म्हणजे मी भांडून तरी सांगितलं असतं! ते निवडतच राहिले. मी सांगितलं नाही. मग संसार, शाळा, मुलं, कुणाची आजारपणं, रेशनच्या रांगा. माणूस एकेका दिवसाला टेकून पुढचा दिवस काढतो आणि वर्षं जातात. लाज वाटायचीसुद्धा दमणूक झाली होती.

मागच्या दिवाळीत मी शेवटची भेटले. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं तशीच, कोटाच्या खिशातून निघालेला कापसाचा बोळा बोलता बोलता ओढत बसायचे. मी त्यांच्या पायाशी बसले आणि जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बाबा, तुमाले राग नोता आला?"

"आला होता."

"मंग?"

"बसलो. गेला."

"गेला?"

"पुन्हा आला. पुन्हा बसलो." ते भिंतीकडे तोंड करून हसले. "अजून बसतोच आहो न."

मी इतकी वर्षं समजत होते की या माणसाला काही लागतच नाही. त्यांच्या त्या शांतपणावर मी मनातून चिडत आले होते, आणि त्याच्याच आडोशाला निवांत बसलेही होते. बाबांना काही वाटत नाही ना, मग माझं गप्प राहणं चालून जातंय... त्या दुपारी मला परतीची गाडी गाठायची होती. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. तेव्हाही कुणाला काही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी नथ्थूजी बोलून गेले आणि अकराव्या दिवशी सकाळी मी ती पेटी फळीवरून खाली घेतली. मला वाटलं होतं, रिकामी असेल. आत निळ्या कागदाच्या पुड्या होत्या, ओळीनं, दोरा बांधलेल्या. प्रत्येकीवर बाबांच्या हातची चिठ्ठी. रिठद, धागा बरा, ओल थोडी. मेडशी, धागा लांब, कवडी नाही. प्रत्येक हंगामाची एक पुडी. कवडी वेचायला बसल्या जागी, कुणी विचारत नसताना, कुणाला सांगायचं नसताना, दरवर्षी जी रुई त्यांना उत्तम वाटली तिची चिमूट त्यांनी आणून बांधून ठेवली होती. पारख त्यांच्याकडून काढून घेतली होती, पण ती सुटली नव्हती. ती त्यांनी सत्तावीस वर्षं या पेटीत एकट्यानं केली होती. मी एकेक पुडी सोडून बघत गेले आणि माझ्यानं बघवेना. तळाशी एक पुडी चपटी होती. तिचा कागद इतरांहून फिका, त्यावर दोऱ्याचे जुने वळ उठलेले. तिच्यात काहीच नव्हतं. तिच्यावरही चिठ्ठी होती. गावाच्या जागी लिहिलं होतं, घर. आणि खाली, वाती झाल्या.

तेव्हा मी रडले. दहा दिवसांत जे रडले ते लोकांसाठी होतं.

मग तोंड धुतलं, पेटी उचलली आणि नथ्थूजींच्या घरी गेले. ते ओट्यावर ऊन खात बसले होते. मी त्यांच्यापुढं पेटी उघडी ठेवून सगळं सांगितलं, ताप, वाती, उशी, सगळं. त्यांनी एकेक पुडी उचलून तळव्यावर तोलून पाहिली. मला वाटलं, आता ते मला बोलतील आणि बोलायलाच हवं.

"आठ वर्साची होती तू," ते म्हणाले. मग काठीच्या टोकानं जमीन उकरत म्हणाले, "पन पस्तीस वर्साचीबी झाली न बाई."

"हो."

"मी आता कोनाकोनाच्या घरी जाऊन सांगू? अर्धे मेले, अर्ध्यायले ऐकू येत नाही." त्यांनी डोळे पुसले. "तू शिकेल हायेस. पेपरात देता येत नाही काय?"

म्हणून हे पेपरात देते आहे. वाशीमच्या जिनातल्या पारख्यानं नमुने फिरवले नव्हते. त्यानं कुणाकडून काही घेतलं नव्हतं. त्या बारा पुड्यांतली रुई त्याच्या मुलीनं काढली, तिच्या जागी उशीतली भरली, आणि तो जिवंत असेपर्यंत ती गप्प राहिली. ज्यांना ही गोष्ट माहीत आहे आणि ज्यांच्या घरी ती अजून सांगितली जाते, त्यांनी ती आता अशी सांगावी. ज्याला हे सगळ्यात आधी ऐकू यायला हवं होतं त्याला ते ऐकू येणार नाही. मी उशीर केला, आणि आता त्यावर काही उपाय नाही.

पेटी मी अकोल्याला आणली. आमच्या स्वयंपाकघरात फळीवर ठेवली आहे. काल माझी मुलगी, आठ वर्षांची, स्टुलावर चढून ती काढून बसली होती. मी आत गेले तेव्हा तिच्या हातात ती चपटी पुडी होती आणि ती विचारत होती, "आई, ही रिकामी कशी? हिच्यात मी माझे खडे ठेवू?"

"नको. राहू दे रिकामी."

"का? काय होतं हिच्यात?"

मी चूल विझवली, तिच्यासमोर खाली बसले आणि तिला सांगितलं. काही न गाळता. ती डोळे मोठे करून ऐकत होती.

"मग आजोबा रागावले?"

"हो. रागावले."

"आणि मग?"

"मग बसले."

तिनं पुडीची घडी पुन्हा होती तशी घातली, दोरा गुंडाळला, आणि तिला गाठ मारता येईना म्हणून पुडी माझ्या हातात दिली.